वाचकांचे प्रश्न : एपी इंग्रजीचा निबंध आणि सारांशाची सवय

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे खानदेशातून आली आहेत आणि चारही एकाच परीक्षेविषयी आहेत. अमेरिकेतील कॉलेज बोर्ड ही संस्था दरवर्षी मे महिन्यात ‘एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन’ ही परीक्षा घेते. शाळेच्या शेवटच्या वर्षांतील विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे वाचन आणि लेखन जमते का, हे तिच्यात पाहिले जाते आणि निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. परीक्षा सव्वातीन तासांची असते. पहिल्या तासात ४५ बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांना ४५ टक्के भार असतो, तर उरलेल्या सव्वादोन तासांत तीन निबंध लिहायचे असतात आणि त्यांना ५५ टक्के भार असतो. पहिला ‘सिंथेसिस’ निबंध दिलेल्या स्रोतांच्या आधारे आपली भूमिका मांडण्याचा, दुसरा ‘र्‍हेटॉरिकल ॲनालिसिस’ लेखक किंवा वक्ता आपले म्हणणे कसे पटवतो हे उलगडण्याचा आणि तिसरा ‘आर्ग्युमेंट’ स्वतःच्या पुराव्यांवर युक्तिवाद करण्याचा असतो. पाठ्यपुस्तक नसते आणि कथा-कवितांवर प्रश्नही नसतात. भाषणे, लेख, पत्रे, अहवाल असे ललितेतर गद्य वाचायचे आणि त्यावर लिहायचे, असे या विषयाचे स्वरूप आहे.

प्रश्न : मी जळगावात अकरावीत शिकते. बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करण्याचा विचार आहे. सरावासाठी लिहिलेला सिंथेसिस निबंध ओळखीच्या एका शिक्षिकेकडून कॉलेज बोर्डाच्या निकषांप्रमाणे तपासून घेतला, तेव्हा ६ पैकी २ गुण मिळाले. मी दिलेल्या सगळ्या स्रोतांमधील मुद्दे घेतले होते आणि भाषेच्या चुकाही फारशा नव्हत्या. मग गुण कुठे गेले?

उत्तर : तुमचा निबंध मी पाहिलेला नाही, पण ६ पैकी २ आणि ‘सगळ्या स्रोतांमधील मुद्दे घेतले होते’ या दोन गोष्टी एकत्र वाचल्यावर अंदाज बांधणे अवघड नाही. या परीक्षेतील तिन्ही निबंधांना प्रत्येकी ६ गुण असतात. त्यांपैकी १ गुण भूमिकेला, ४ गुण पुरावे आणि त्यांवरील भाष्याला, तर उरलेला १ गुण विचाराच्या प्रगल्भतेला असतो. म्हणजे निबंधाचे भवितव्य मधल्या चार गुणांवर ठरते आणि तिथला नियम कठोर आहे : पुरावा दिला, त्याचा सारांश सांगितला, पण तो आपल्या भूमिकेला कसा बळ देतो हे सांगितले नाही, तर चारांपैकी एकच गुण मिळतो. भूमिकेचा एक आणि सारांशाचा एक, असे तुमचे दोन गुण झाले असावेत.

यात दोष एकट्या तुमचा नाही. आपल्याकडे उताऱ्यावरील उत्तर म्हणजे उताऱ्यात जे आहे ते नीटनेटके पुन्हा मांडणे, अशी शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते आणि त्यासाठी भरपूर गुणही मिळतात. सिंथेसिस निबंधात मात्र सहा स्रोत समोर ठेवलेले असतात, त्यांपैकी किमान तीन वापरावे लागतात आणि परीक्षकाने ते सहाही आधीच वाचलेले असतात. त्यांत काय लिहिले आहे हे त्याला तुमच्याकडून ऐकायचे नसते.

एक उदाहरण घेऊ. प्रश्न माझा आहे, सरावापुरता केलेला : पाण्याची टंचाई असलेल्या भागात जास्त पाणी लागणाऱ्या नगदी पिकांवर सरकारने मर्यादा घालावी का? तुमच्या जिल्ह्यात या प्रश्नाची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच रावेर-यावल पट्ट्यात भूजल किती खोल गेले आहे, हे विहिरी आणि बोअर करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समजा, स्रोत असे आहेत : भूजलाच्या घसरणीचा आलेख, एका बागायतदाराची मुलाखत, ठिबक संच विकणाऱ्या कंपनीचे माहितीपत्रक, निर्यातीचा तक्ता, एका अर्थतज्ज्ञाचा लेख आणि एक अग्रलेख. सारांशाची सवय असलेला विद्यार्थी असे लिहील : पहिल्या स्रोतानुसार भूजल खाली गेले आहे, दुसऱ्या स्रोतात बागायतदार सांगतो की केळीने त्याचे घर उभे राहिले, तिसऱ्या स्रोतानुसार ठिबकने पाणी वाचते. प्रत्येक वाक्य बरोबर आहे, पण तिन्ही वाक्ये मिळून काहीच म्हणत नाहीत.

आता हेच तीन स्रोत दुसऱ्या रीतीने मांडून पाहा. ठिबकमुळे प्रत्येक झाडामागे पाणी वाचते हा कंपनीचा दावा मान्य केला, तरी बागायतदार स्वतःच सांगतो की वाचलेल्या पाण्यावर त्याने आणखी काही एकर लागवडीखाली आणले. म्हणजे बचत झाडापाशी झाली, विहिरीपाशी झाली नाही, आणि ठिबक आल्यानंतरही आलेखातील घसरण का थांबली नाही याचे कारण इथे सापडते. म्हणून मर्यादा घालायचीच असेल तर ती पिकावर न घालता उपशावर घालावी. या मांडणीत एका स्रोताने दुसऱ्याला अडवले, तिसऱ्याने त्या भांडणाचा निकाल लावला आणि त्यातून भूमिका निघाली. इंग्रजी साधेच राहिले तरी चालेल, कारण गुण या जोडणीला मिळतात.

म्हणून लेखनाच्या भागात सुरुवातीला वाचनासाठी जी १५ मिनिटे सुचवलेली असतात, ती महत्त्वाची वाक्ये रंगवण्यात घालवू नका. कोणता स्रोत कोणाशी पटत नाही आणि कुठे पटत नाही, हे कच्च्या कागदावर दोन-तीन ओळींत लिहा. कंपनीचे माहितीपत्रक विक्रीसाठी लिहिलेले आहे, बागायतदाराचे पोट त्या पिकावर आहे, याचाही विचार करा आणि तो निबंधात येऊ द्या. स्रोत कुणाचा आहे हे ओळखून केलेले भाष्य नेहमीच अधिक ठाम होते. ‘या प्रश्नाला दोन्ही बाजू आहेत’ एवढ्यावर थांबणारी भूमिका भूमिका मानली जात नाही आणि तिचा गुणही मिळत नाही. ‘जल हेच जीवन आहे’ छापाची प्रस्तावना तर पूर्ण वगळा, तिच्यासाठी निकषांत जागाच नाही.

तिसऱ्या, म्हणजे आर्ग्युमेंट निबंधात स्रोत दिलेले नसतात आणि पुरावे आपले आपण आणायचे असतात. इथे आपले विद्यार्थी अमेरिकेच्या इतिहासातील चार नावे पाठ करून जातात आणि मग त्या नावांविषयी दुसरे वाक्य त्यांना सुचत नाही. त्यापेक्षा जवळचे उदाहरण घ्या. नियम मोडणे केव्हा योग्य ठरते, असा विषय आला तर अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे यासाठी १९४७ मध्ये केलेले उपोषण आठवा. त्यांनी कायदा मोडला नाही, लोकांच्या मनाला हात घातला, आणि हा फरकच तुमच्या युक्तिवादाचा कणा होऊ शकतो. सामूहिक मालमत्ता लोक जपतात की ओरबाडतात, असा विषय आला तर धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले बारीपाडा हे गाव आहेच. तिथे गावाने स्वतः नियम करून जंगल राखले आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. परीक्षकाला धुळे कुठे आहे हे माहीत नसते, म्हणून अर्ध्या वाक्यात ओळख करून द्या आणि लगेच मुद्द्यावर या.

प्रश्न : अमळनेर येथे मी इंग्रजीचा अध्यापक आहे. दोन विद्यार्थी या परीक्षेची तयारी माझ्याकडे करत आहेत. ‘र्‍हेटॉरिकल ॲनालिसिस’ या निबंधासाठी त्यांनी भाषिक युक्त्यांची मोठी यादी पाठ केली आहे, तरी निबंध उभा राहत नाही. शिवाय ग्रामीण भागात सरावासाठी योग्य मजकूर कुठून आणावा, हाही प्रश्न पडतो. मार्गदर्शन करावे.

उत्तर : यादी पाठ केल्यामुळेच निबंध उभा राहत नसावा, असे मी आपणास सुचवीन. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील ओळींतील अलंकार ओळखा’ हा प्रश्न असतो आणि अनुप्रास की यमक एवढे लिहिले की गुण मिळतो. आपले विद्यार्थी तीच सवय घेऊन इथे येतात आणि ‘वक्त्याने इथे पुनरुक्ती वापरली आहे, तिथे प्रश्नालंकार वापरला आहे’ असे लिहीत जातात. या परीक्षेत नाव ओळखण्याला गुण नाही. वक्त्याने ही निवड का केली, त्या प्रसंगी आणि त्या श्रोत्यांपुढे तिने काय साधले, एवढेच परीक्षक शोधत असतो. नाव मुळीच न घेता ‘वक्ता तोच शब्द तीनदा उच्चारतो, कारण…’ असे लिहिले तरी काही बिघडत नाही. बिघडते ते ‘कारण’ लिहायचे राहून गेले म्हणजे.

सरावाच्या मजकुरासाठी आपल्याला फार लांब जावे लागणार नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन आपल्याच भागात फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि त्यांचे अध्यक्षीय भाषण इंग्रजीत छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ब्रिटिशांनी केलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली होणाऱ्या प्रांतिक निवडणुका अगदी तोंडावर होत्या. काँग्रेसला तो कायदा अमान्य होता आणि तरीही ती निवडणुका लढवणार होती. इतकी पार्श्वभूमी विद्यार्थ्यांना द्या आणि भाषणातील एक-दोन पाने पुढे ठेवा.

त्या भाषणात फॅसिझमचा आणि स्पेनमधील यादवी युद्धाचा विषय येतो. केळी-कापसाच्या मुलखात, ग्रामीण जनतेच्या गर्दीपुढे वक्ता स्पेनविषयी का बोलतो, हा प्रश्न वर्गात विचारा आणि मुलांना थोडा वेळ गप्प राहू द्या. पहिले उत्तर बहुधा ‘त्यांचे ज्ञान दाखवण्यासाठी’ असे येईल. मग विचारा की श्रोते फक्त समोर बसलेलेच होते का. प्रतिनिधी होते, वृत्तपत्रे होती, भाषणाचा शब्दन् शब्द वाचणारे सरकार होते आणि हिंदुस्थानच्या प्रश्नाकडे साम्राज्याची घरगुती बाब म्हणून पाहणारे परदेशी वाचकही होते. स्पेन आणि फैजपूर एकाच वाक्यमालिकेत आणल्यामुळे इथला लढा जगातील लढ्याचा भाग ठरतो. समोरच्या शेतकऱ्याला आपण एकटे नाही असे वाटते आणि दूरच्या वाचकाला हा प्रश्न घरगुती म्हणून झटकता येत नाही. एका निवडीचे दोन श्रोत्यांवर होणारे दोन परिणाम विद्यार्थ्याने दाखवले, तर त्याचा परिच्छेद भाष्याच्या वरच्या गुणांकडे जातो. चौथा गुण हवा असेल तर एकाहून अधिक निवडी घेऊन त्या मिळून वक्त्याचा हेतू कसा पुढे नेतात, हे दाखवावे लागते.

बहुपर्यायी प्रश्नांत जुने इंग्रजीही येऊ शकते आणि त्याची मुलांना भीती वाटते. त्यासाठी १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरील खंड मला फार उपयोगी वाटतो. वाक्ये लांब, मांडणी शांत, आणि विषय आपल्या पायाखालचा : तापी, सातपुडा, पिके, बाजार, जमाती. भिल्लांविषयीची पाने मुलांना मुद्दाम वाचायला द्या. लेखक वरकरणी माहिती देत असतो, पण कुठल्या विशेषणात निवाडा दडला आहे, कुठल्या वाक्यात कर्ता गाळला आहे, कोणाच्या हिंसेला कोणते क्रियापद मिळाले आहे, हे शोधताना लेखकाचा सूर ओळखण्याचा जो सराव होतो तो तयार प्रश्नसंचांतून होत नाही. त्या पानांचा राग येणे स्वाभाविक आहे. विद्यार्थ्याने राग बाजूला ठेवावा असे मी म्हणणार नाही. त्याने तो कुठल्या शब्दामुळे आला हे दाखवावे.

यांखेरीज कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांचे निबंधप्रश्न, विद्यार्थ्यांची नमुना उत्तरे आणि त्यांना किती गुण का दिले याची परीक्षकांची टिपणे विनामूल्य मिळतात. मुलांना आधी नमुना उत्तरांना गुण द्यायला लावा आणि मग टिपण दाखवा. स्वतः लिहिण्याआधी इतरांचे तपासणे हा क्रम आपल्याकडे उलटा वाटतो, परंतु निकष अंगवळणी पडायला याहून जवळची वाट मला माहीत नाही.

प्रश्न : आम्ही धुळ्याला राहतो. घरात आम्ही अहिराणी बोलतो, मुलाचे शिक्षण सेमी-इंग्रजीत झाले आहे. त्याच्या व्याकरणात लहानसहान चुका होतात. शहरातील एका क्लासची फी आम्हाला जड जाईल इतकी आहे. अशा मुलाने ही परीक्षा द्यावी का?

उत्तर : व्याकरणाची चिंता आपण समजता त्यापेक्षा कमी करावी. हे लेखन वेळेच्या दडपणाखाली केलेला कच्चा मसुदा आहे असे धरूनच परीक्षक ते वाचतात. अर्थ समजायलाच अडथळा येईल इतक्या चुका असतील, तर भाष्याचा चौथा गुण देता येत नाही. सुटलेले ‘द’ (the) हे उपपद किंवा चुकलेले शब्दयोगी अव्यय यांसाठी स्वतंत्र कपात नाही. बहुपर्यायी भागातही साधारण निम्मे प्रश्न लेखनावर असतात, पण त्यांत चूक शोधायला सांगत नाहीत. दिलेल्या मसुद्यात कोणते वाक्य कुठे घालावे, कोणता पुरावा दाव्याला अधिक बळ देईल, असे विचारतात. घरात अहिराणी असण्याचा यात काहीच अडसर नाही. मुद्द्यांचा आराखडा त्याने अहिराणीत केला तरी हरकत नाही. फक्त भूमिकेचे वाक्य आरंभापासूनच इंग्रजीत लिहावे, कारण मराठीत रचलेले लांब वाक्य ऐन वेळी इंग्रजीत ओढून आणताना त्याची मोडतोड होते आणि नेमके तेच वाक्य परीक्षक पहिल्यांदा पाहतो.

परीक्षा द्यावी का, याचे उत्तर मुलगा कुठे शिकणार यावर अवलंबून आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे ३, ४ किंवा ५ या श्रेणीसाठी काही श्रेयांक देतात किंवा पहिल्या वर्षाचा लेखनाचा विषय माफ करतात. किती श्रेणीला काय द्यायचे, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते, म्हणून ज्या विद्यापीठांत अर्ज करायचा त्यांचे नियम आधी पाहावेत. टोफेल किंवा आयईएलटीएससारखी भाषेची परीक्षा विद्यापीठे साधारणतः वेगळी मागतात, तिची जागा ही परीक्षा घेते असे गृहीत धरू नये. मुलगा भारतातच शिकणार असेल तर केवळ इंग्रजी सुधारावे म्हणून एवढा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लासविषयी सांगायचे तर परीक्षेला बसण्यासाठी कोणताही अभ्यासक्रम पूर्ण केलेला असण्याची अट नाही. निबंध निकषांनुसार तपासून देणारी एक जाणती व्यक्ती मिळाली, तर क्लासवाचून भागते. तशी व्यक्ती नसेल आणि क्लासमध्ये फक्त युक्त्यांच्या याद्या दिल्या जात असतील, तर पैसे वाचवावेत.

प्रश्न : मी शहाद्याचा आहे. बारावीची बोर्डाची परीक्षा आणि ही परीक्षा एकाच वर्षी द्यायची आहे. वेळ कसा विभागावा? परीक्षा संगणकावर असते हे खरे का?

उत्तर : खरे आहे. २०२५ पासून ही परीक्षा ‘ब्लूबुक’ या ॲपवर पूर्णपणे संगणकावर होते आणि निबंधही टंकलेखन करूनच लिहावे लागतात. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना यासाठी खरी तयारी लागते. उत्तम हस्ताक्षरात तीन तास लिहिणारा मुलगा कळफलकावर चाळीस मिनिटांत दीड पान कसेबसे पूर्ण करतो, आणि प्रत्येक निबंधाला साधारण चाळीस मिनिटेच मिळतात. मोबाइलवर सराव करून उपयोग नाही, कारण ॲप मोबाइलवर चालत नाही. लॅपटॉप घरी नसेल तर शाळेत किंवा महाविद्यालयात रोज थोडा वेळ मागून घ्या. ब्लूबुकमधील सराव परीक्षा एकदा तरी पूर्ण वेळ लावून सोडवा, म्हणजे पडद्यावर उतारा वाचताना होणारी घालमेल आधीच अनुभवून होईल.

बहुपर्यायी प्रश्नांना २०२५ पासून पाचऐवजी चार पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. तिन्ही निबंधांना सारखाच भार आहे. पहिल्या निबंधात तास घालवून तिसरा चार ओळींत उरकणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. एक निबंध ५ गुणांचा आणि एक १ गुणाचा होण्यापेक्षा तिन्ही ३-४ गुणांचे झालेले बरे.

बोर्डाच्या अभ्यासाशी याचा फारसा झगडा होत नाही. बारावीच्या इंग्रजीत ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा असते. तिथे सारांश लिहायला सांगतात तेव्हा सारांशच लिहायचा, हे भान मात्र ठेवा, कारण एपीच्या सरावानंतर मुले तिथेही मते मांडू लागतात. दिवाळीपर्यंत आठवड्याला एक निबंध, मग बोर्डाची लेखी संपेपर्यंत केवळ वाचन, आणि त्यानंतर परीक्षेपर्यंत वेळ लावून लेखन, अशी विभागणी तुम्हाला पेलेल. एप्रिलच्या उन्हात दुपारी वीज गेली तर पंखाही नाही आणि लॅपटॉपही नाही, म्हणून टंकलेखनाचा सराव सकाळीच उरकून घ्या. शहादा किंवा नंदुरबारला केंद्र मिळेल असे धरू नका. मुंबई-पुण्याकडील केंद्रांत बाहेरच्या विद्यार्थ्याला घेतात का, हा विषय तिथे उपलब्ध आहे का आणि नोंदणीची मुदत कोणती, ही चौकशी परीक्षेच्या आदल्या वर्षी पावसाळ्यातच करून ठेवा, कारण मे महिन्यातील परीक्षेची नोंदणी आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच होते.